दाणा वाचवणारी फुटकी बादली

वनराजा किंवा गिरिराजा जातीची मोठी कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. परसात अशा वीस कोंबड्या असल्या, तर महिन्याला ६६ किलो खाद्य लागते. कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चात खाद्याचाच वाटा ६० ते ७० टक्के असतो. त्यातला दहावा हिस्सा मातीत गेला, तरी साडेसहा किलोंचे पैसे वाया गेले.

२०१९च्या पशुगणनेनुसार देशात परसातल्या कोंबड्या-बदकांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख होती. आधीच्या गणनेपेक्षा जवळपास ४६ टक्क्यांनी जास्त. घरोघरी वाढणाऱ्या या जोडधंद्याला महागड्या खाद्यपात्राची गरज नाही. भंगारात टाकलेल्या वस्तूंतून ते घरीच होते, फक्त मापे नेमकी हवीत.

कोंबडी खाताना चोचीने खाद्य बाजूला उडवते, आवडीचा दाणा शोधत बाकीचा उपसते आणि वाव मिळाला तर भांड्यातच उभी राहून विष्ठा टाकते. उघड्या ताटलीत म्हणूनच नासाडी फार.

सर्वांत सोपी युक्ती वीस लिटरच्या झाकणाच्या बादलीची. तळालगत सभोवार चार-पाच सेंटिमीटर व्यासाची सहा-आठ भोके पाडायची आणि बादली घमेल्यात मधोमध नट-बोल्टने घट्ट बसवायची. खाद्य स्वतःच्या वजनाने खाली सरकते. भोकांपुढे ढीग साचला की थांबते. पक्षी खातील तेवढेच पुन्हा उतरते. कडेला थोडी चीर गेलेली बादलीही चालते. चिरेवर पट्टी लावली की झाले.

दुसरा पर्याय चार इंची पीव्हीसी पाइपचा. तो निम्म्यावर चिरू नये. घेराची वरची एक तृतीयांश पट्टी कापली की उरलेल्या कडा आत वळलेल्या राहतात आणि उडवलेला दाणा परत आतच पडतो. मोठ्या कोंबडीला दहा सेंटिमीटर जागा लागते. दोन्ही बाजूंनी खाता येणारा एक मीटरचा पाइप वीस जणींना पुरतो. तो एक तृतीयांशच भरावा.

खाद्यपात्राची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवी. पात्र दोरीने टांगले, तर पिल्ले वाढतील तसे वर घेता येते. तेलाचा पत्र्याचा डबा वापरल्यास कापलेल्या कडा पक्कडीने आत दुमडून कानशीने घासाव्यात. नाहीतर गळा-तुरा कापतो. कीटकनाशकाचा डबा मात्र कितीही धुतला तरी वापरू नये.

पावसाळ्यात ओल्या खाद्यावर बुरशी धरते. तिच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. त्याने कोंबडीचे यकृत बिघडते, अंडी घटतात. झाकण म्हणूनच हवेच. तळाशी चिकटलेला चुरा आठवड्यातून एकदा खरवडून काढावा आणि भांडे धुऊन, उन्हात खडखडीत वाळवूनच नवे खाद्य भरावे.