जुनी लेन्स घेताना

आमच्या सिरोंचा भागात पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचा उभ्या आयुष्यातला एकच फोटो असतो, आणि तो म्हणजे आधार कार्डावरचा. माणूस गेला की घरची मंडळी तोच फोटो स्टुडिओत मोठा करून घेतात, मागे निळे आकाश बसवतात आणि त्याला हार घालतात. जन्मभर हसून बोललेली अव्वा (तेलुगूच्या शेजारामुळे आमच्याकडे आजीला असेही म्हणतात) भिंतीवर मात्र घाबरलेली दिसते. जिवंतपणीच या माणसांचे धड फोटो व्हावेत असे मनात आले आणि मी जुन्या लेन्सकडे वळलो. त्यातून जे कळले ते सहाध्यायांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

मोबाइल असताना हा उपद्व्याप कशाला, असे कोणी विचारील. साध्या मोबाइलने चेहरा चौकटीत भरायचा तर अगदी जवळ जावे लागते. जवळून नाक मोठे दिसते आणि कान मागे गेल्यासारखे वाटतात. हा दोष कॅमेऱ्याचा नसून अंतराचा आहे. पाच फुटांवर उभे राहून चेहरा टिपला तर तो ओळखीचा दिसतो, आणि त्यासाठी जास्त नाभीय अंतराची लेन्स लागते. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय मोबाइलमध्येही असते. पण ती आकडेमोडीने केलेली कातरणी. पांढरे केस आणि पदराची किनार तिच्या तावडीतून क्वचितच सुटतात.

हा प्रश्न तसा छायाचित्रणाइतकाच जुना आहे. 1840 साली व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी खास व्यक्तिचित्रांसाठी लेन्स आखली. त्यापूर्वी फोटोसाठी माणसाला मिनिटे न् मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. या लेन्समधून प्रकाश इतका अधिक शिरे की तो वेळ मिनिटाच्या आत आला. आकडेमोडीला त्यांना तोफखान्यातील गणिती जवान दिले होते म्हणतात. तोफखान्याच्या हातून झालेल्या मोजक्या सत्कृत्यांत याची नोंद करायला हरकत नाही.

माझ्याकडे आहे ती हेलिऑस 44-2. नाभीय अंतर 58 मिलिमीटर, सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर एफ 2. सोव्हिएत संघात झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती प्रचंड संख्येने निघाली; मूळ आराखडा जर्मनीच्या कार्ल झाइसच्या बायोटारचा. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने ती सुमारे 87 मिलिमीटरच्या लेन्सइतके दृश्य दाखवते, आणि चेहऱ्याला ते फार सोयीचे. स्टीव्ह मॅककरी यांनी 1984 साली टिपलेली ती प्रसिद्ध अफगाण मुलगी निकॉनच्या 105 मिलिमीटरच्या, हातानेच फोकस करावयाच्या लेन्समधून घेतलेली आहे.

सिरोंचात अशी वस्तू मिळत नाही. मुंबईस जाणे झाले तर फोर्टातला बोरा बाजार आणि चोर बाजारातली मटण स्ट्रीट पाहावी. मला ती नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानात साडेतीन हजारांना मिळाली. घेताना खिशात छोटी बॅटरी हवी. लेन्सच्या एका बाजूने तिरका उजेड टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. धुळीचे चार कण असले तरी बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी; दुधी झाक असली तर आत वाफ बसलेली. मग फोकसची कडी फिरवून पाहावी. जड फिरत असेल तर आतले ग्रीस वाळले आहे, ते बदलता येते. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. म्हणून किंमत ठरवताना बाहेरच्या ओरखड्यांकडे कमी आणि आतल्या काचेकडे अधिक पाहावे. पात्यांवर तेल असले तरी या लेन्सपुरते फारसे अडत नाही, कारण तिची पाती हाताने फिरवायची असतात.

एक इशारा. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स साध्या अ‍ॅडॅप्टरने दूरचे स्पष्ट दाखवत नाही. तिला सेन्सरपासून 45.46 मिलिमीटरवर बसायचे असते आणि निकॉनचे तोंडच 46.5 मिलिमीटरवर आहे. मिररलेस कॅमेऱ्यावर ही अडचण येत नाही. फक्त 'लेन्स नसतानाही शटर चालू' अशी सोय मेनूतून सुरू करावी लागते.

पहिली परीक्षा वर्तमानपत्राची. भिंतीवर पान सपाट लावून, कॅमेरा तिवईवर ठेवून, एफ 2, एफ 4 आणि एफ 8 वर फोटो घ्यावेत. एफ 2 वर कोपरे मऊ येतात. पण एक कोपरा बरा आणि समोरचा फारच वाईट असेल तर आतली काच तिरकी बसली आहे. दुसरी परीक्षा नदीची. प्राणहितेच्या काठी उभे राहून पैलतीरावरची झाडे धरावीत. कडी शेवटपर्यंत फिरवूनही ती स्पष्ट झाली नाहीत तर लेन्स कोणीतरी उघडून चुकीची जोडली आहे.

खरी परीक्षा चेहऱ्याची. पाच फुटांवरून एफ 2 वर जेमतेम पाच सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा धरला तर कान सुटतो. म्हातारे माणूस बसल्या जागी थोडे डुलते, तेवढ्यानेही डोळा हुकतो. म्हणून मी एफ 4 वर येतो, पडद्यावर जवळचा डोळा मोठा करून पाहतो आणि चार-पाच फोटो घेतो. ओसरीची सावली उत्तम. मागे दूरवर मोहाचे झाड असेल तर एफ 2 वर पाने चेहऱ्याभोवती गरगरल्यासारखी दिसतात. पुष्कळांना हेच आवडते. मला अव्वाच्या चेहऱ्यामागे ते नको वाटते. या कामात वेळ जातो आणि त्याचा फायदाच होतो. कडी फिरवता फिरवता गप्पा चालतात, आणि आधार केंद्रातला तो ताठरपणा आपोआप गळतो.

साफसफाईबाबत माझे मत सावध आहे. बाहेरची काच फुंकणीने आणि मऊ कापडाने पुसावी. बुरशीवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनियाचे मिश्रण वापरतात. ते हवेशीर जागी आणि हातमोजे घालूनच. फोकसचे आटे उघडायचे तर ते नेमके कोठे सुटतात तेथे खूण करावी, नाहीतर नदीची परीक्षा कायमची नापास! हे काम मी कारागिराकडेच देतो.

राहिला पावसाळा. दोन नद्यांच्या संगमाजवळ राहणाऱ्यांनी चामड्याच्या कव्हरात लेन्स ठेवू नये. चामडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून तीत ठेवावी, पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापराव्यात, आणि आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून फोटो घ्यावेत.