ध्येय लहान असावे, पण स्वतःचे असावे

सातारा व सांगली जिल्ह्यांतील दहावीचे विद्यार्थी कोल्हापूर विभागीय मंडळाच्या परीक्षेस बसतात. ‘यंदा ९० टक्के हवेत’ असे आपण पालक त्यांना सांगतो. परंतु ही आपली अपेक्षा झाली, त्यांचे ध्येय नव्हे. बीजगणिताच्या चाचणीत ४० पैकी १८ गुण मिळाले, तर चुकलेली उदाहरणे पाल्यासोबत पाहावीत. वर्गसमीकरणे अडत असतील, तर ‘पंधरा दिवस रोज तीन उदाहरणे, पुढील चाचणीत २४ गुण’ असे ध्येय त्याने स्वतःच वहीत लिहावे. साताऱ्याच्या मातीत कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा व शिका’ योजनेतून हाच स्वावलंबनाचा धडा दिला. गुण घटले तरी आपली माया घटत नाही, हे लेकरांना कळू द्यावे, असे आम्हांस वाटते. मग ध्येयाचे ओझे होत नाही.