चुकलेला अहवाल आणि जपलेली स्लाइड

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान हुकलं, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. पॅप चाचणीत पेशी माणसाच्या नजरेखालून जातात आणि नीट पाहूनही काही बदल निसटतात. मग दाद मागून काय उपयोग? उपयोग आहे, कारण ही चाचणी पुरावा मागे ठेवते: जपलेली स्लाइड दुसरा तज्ज्ञ पुन्हा पाहू शकतो. आयर्लंडमधल्या विकी फेलन यांचा २०११चा अहवाल निर्दोष आला होता. २०१४मध्ये कर्करोग निघाला. फेरतपासणीत जुनी चूक दिसली, पण त्यांना ती २०१७मध्ये कळली. (चुकीपेक्षा हे मौन जास्त गंभीर.) २०१८मध्ये ती स्लाइड तपासणाऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेने जबाबदारी न स्वीकारता २५ लाख युरोंवर तडजोड केली.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालापासून पैसे मोजून घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. विलंबामुळेच आजार बळावला, हेही रुग्णालाच दाखवावं लागतं. अट जड आहे, पण अन्याय्य नाही. ग्राहक आयोगाकडे जायची मुदत साधारण २ वर्षांची, तेव्हा स्लाइड आणि अहवालांच्या प्रती आधी लेखी मागून घ्या.