खरा पाषाणभेद कोणता?

आपल्या राहू बेटात कुणाला मुतखड्याचा त्रास झाला, की शेजारची आजी सांगते, "परड्यातल्या पाषाणभेदाची दोन पानं खा." हा पाषाणभेद बहुधा पानफुटी असतो. तिचे मांसल पान ओल्या मातीवर पडले, की कडेच्या खाचांतून रोपे फुटतात. ती मूळची मादागास्करची. काही घरी पानओव्यालाही हेच नाव. पान चुरगळताच ओव्याचा वास येतो. नावाचे पाषाणभेद आपल्याकडे पुष्कळ!

वैद्यांचा पाषाणभेद निराळा. तो हिमालयात खडकांच्या फटींत उगवतो. जमिनीलगत पंजाएवढी, गोलसर, जाड पाने, कडेला बारीक लव, वसंतात पाच पाकळ्यांची पांढरी-गुलाबी फुले. औषधाला त्याचे जमिनीतले जाड खोड घेतात, पान नव्हे. त्याच्या कुळातल्या 'सॅक्सिफ्रागा' या लॅटिन नावाचा अर्थही दगड फोडणारा असाच आहे. आपल्या उसाच्या काळ्या रानात तो आपोआप येत नाही.

ही ओळख गोठ्यासाठीही हवी. पानफुटीत, विशेषतः फुलोऱ्यात, हृदयावर परिणाम करणारे विष असते. ऑस्ट्रेलियात पानफुटी आणि तिच्या भाईबंद वनस्पती खाऊन गुरे दगावली आहेत. कुंपणाची उपटलेली पानफुटी गव्हाणीजवळ टाकू नये; वाळवून जाळावी. गुराला हगवण लागली, लाळ गळू लागली, तर पशुवैद्याला ताबडतोब बोलवा आणि काय खाल्ले ते दाखवा. माणसाला मुतखड्याबरोबर ताप आला किंवा लघवी अडली, तर पाल्यावर दिवस न काढता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.