वेदनाशामक गोळी आणि वनौषधी : एक संयुक्त खाते

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकेच्या शाखांमध्ये निवृत्तिवेतनधारक ग्राहकांची वर्दळ वाढते. हयातीचा दाखला आता घरबसल्याही देता येतो, तरीही अनेक ज्येष्ठ मंडळी शाखेत येणेच पसंत करतात. रांगेतील बाकावर दोन ओळखीचे चेहरे भेटतात, चौकशी होते आणि दहा मिनिटांच्या आत संभाषण गुडघ्यांवर येऊन थांबते. "मी गोळीबरोबर हळदीची कॅप्सूल घेतो, हल्ली अर्ध्या गोळीत भागते," असे एकाने सांगावे, दुसऱ्याने शल्लकीचे नाव सुचवावे, तिसऱ्याने कॅप्सूलचे वेष्टनच पिशवीतून काढून दाखवावे. या चर्चेचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो : "वनस्पतीच ती, तिने काय अपाय होणार?"

प्रस्तुत लेखिका वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, वैद्यकशास्त्राची नव्हे. या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते घरातील एका प्रसंगामुळे. माझे वडील नागपूरला असतात. हृदयाच्या धमनीत स्टेंट बसविल्यापासून ते ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची गोळी नियमित घेत असत. गुडघेदुखी बळावली तेव्हा त्यांनी ओळखीच्या औषध दुकानातून डायक्लोफिनॅक आणले, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून हळद व काळ्या मिरीच्या अर्काची कॅप्सूलही सुरू केली. पहिले दोन-तीन आठवडे ते अतिशय प्रसन्न होते. त्यानंतर थकवा जाणवू लागला, जिना चढताना धाप लागू लागली आणि एके दिवशी शौचाला डांबरासारखे काळे झाले. जठरातून रक्तस्राव होत होता. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, "काका, ॲस्पिरिनखेरीज आणखी काय काय घेत होतात?" बाबांनी डायक्लोफिनॅकचे नाव सांगितले. कॅप्सूलचा उल्लेख मात्र त्यांनी केला नाही. ते औषध आहे असे त्यांना वाटतच नव्हते.

मुळात आधुनिक वेदनाशामक आणि वनस्पती यांचे नाते सावत्र नाही. १७६३ साली इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने विलो वृक्षाच्या सालीची पूड सुमारे पन्नास तापकऱ्यांना दिल्याचा वृत्तान्त लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविला. आपल्याकडे ओढ्याकाठी वाढणारा वाळुंज याच कुळातला. त्या सालीतील सॅलिसिनच्या अभ्यासातून सॅलिसिलिक आम्ल हाती आले आणि त्याचेच सौम्य रूप, म्हणजे ॲस्पिरिन, फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार केले. अफूतून मिळालेल्या मॉर्फिनची कथा त्याहून जुनी आहे. मध्य प्रदेशातील नीमच आणि उत्तर प्रदेशातील गाझीपूर येथील शासकीय कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते. तेव्हा 'वनस्पतीच ती' या उद्गारात अपायाचा अभाव गृहीत धरणे इतिहासाला धरून नाही.

ॲस्पिरिनचे कार्य नेमके कसे चालते, याचा उलगडा १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी केला. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. शरीरात कोठे इजा झाली की सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये तयार करते. सूज, उष्णता आणि दुखण्याची तीव्रता वाढविणे हे त्यांचे काम. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे त्या विकरालाच अटकाव करतात. अडचण अशी, की याच प्रोस्टाग्लँडिनपैकी काही जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. वेदना थांबविताना हे पहारेकरीही कामावरून दूर होतात. म्हणूनच वेदनाशामकाची मात्रा कमी कशी करता येईल, हा प्रश्न जगभरच्या संशोधकांना महत्त्वाचा वाटतो, आणि वनस्पतींच्या अर्कांना त्यासोबत जोडून पाहण्याचे प्रयोग तेथूनच सुरू होतात.

दोन औषधे एकत्र दिली असता तीन गोष्टी संभवतात. दोहोंचा परिणाम सरळ बेरजेइतका होतो, बेरजेहून अधिक होतो, किंवा एकाने दुसऱ्याला मागे ओढल्यामुळे तो घटतो. बेरजेहून अधिक परिणाम मिळाल्यास दोन्ही औषधांची मात्रा कमी करून तेच काम साधता येते. मात्र ही जोडी आपोआप जमत नाही. दोन्ही औषधे एकाच विकरावर काम करीत असतील, तर लाभ फारसा न वाढता अपायच दुप्पट होण्याचा संभव असतो. ॲस्पिरिन आणि डायक्लोफिनॅक यांची जोडी तशीच. मार्ग वेगवेगळे असतील तरच जोडी करण्यात अर्थ आहे.

या दृष्टीने सालईचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे, आणि त्याचा नागपूरशी संबंध असल्याने मला त्याचे विशेष कौतुकही आहे. सालई हा विदर्भ व मध्य प्रदेशातील कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारा वृक्ष. त्याच्या खोडातून पाझरणारा सुगंधी डिंक म्हणजे आयुर्वेदातील शल्लकी. त्यातील बॉस्वेलिक आम्ले सायक्लोऑक्सिजनेजवर नव्हे, तर मुख्यतः ५-लिपॉक्सिजनेज या दुसऱ्या विकरावर परिणाम करतात. दाहाचा एक रस्ता गोळीने अडविला, तर दुसरा सालईने अडवावा, असा हा तर्क आहे. २००३ मध्ये नागपूरच्या संशोधकांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या ३० रुग्णांवर चाचणी केली. प्रत्येक रुग्णाला ८ आठवडे अर्क आणि ८ आठवडे निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आली. अर्क घेत असताना वेदना कमी झाली आणि गुडघा वाकविणे सुलभ झाले. २००७ मध्ये नागपुरातूनच प्रसिद्ध झालेल्या ६६ रुग्णांच्या चाचणीत सालईची तुलना व्हॅल्डेकॉक्सिब या गोळीशी करण्यात आली. गोळीचा गुण लवकर आला आणि ती थांबविताच ओसरला. सालईचा गुण उशिरा आला, परंतु औषध बंद केल्यानंतर महिनाभर टिकला. बँकेच्या भाषेत एक चालू खाते, दुसरी मुदत ठेव! हृदयाला आणि त्वचेला होणाऱ्या गंभीर अपायांमुळे व्हॅल्डेकॉक्सिब २००५ मध्येच बाजारातून मागे घेण्यात आले होते, हेही लक्षात ठेवावे. संशोधन आश्वासक खरे, परंतु ३० आणि ६६ हे आकडे लहान आहेत. त्यांच्या आधारे कोणी मोठे कर्ज मंजूर करणार नाही.

हळदीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. त्या विजयाचा अभिमान रास्तच आहे. परंतु तो गुण आपल्याला पूर्वीपासून ठाऊक होता, एवढेच त्यातून सिद्ध झाले. हळद कोणत्या दुखण्यावर किती गुणकारी, याचा निवाडा पेटंट कार्यालय करीत नसते.

हळदीतील कार्यकारी द्रव्य म्हणजे कुर्क्युमिन. हळदीच्या पुडीत त्याचे प्रमाण जेमतेम तीन टक्के. चाचण्यांमध्ये दिवसाला साधारण १,५०० मिलिग्रॅम कुर्क्युमिन दिले जाते. तेवढे मिळविण्यासाठी रोज सुमारे ५० ग्रॅम हळद खावी लागेल. म्हणजे भाजीतील चिमूटभर हळद आणि दुकानातील कॅप्सूल या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. स्वयंपाकघरातील शतकानुशतकांच्या अनुभवाची हमी कॅप्सूलला लागू पडत नाही. शिवाय कुर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच अल्प प्रमाणात उतरते. बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ मध्ये असे दाखविले, की २ ग्रॅम कुर्क्युमिनसोबत काळ्या मिरीतील २० मिलिग्रॅम पाइपरीन दिल्यास रक्तातील उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढते. हा आकडा अनेक वेष्टनांवर आणि जाहिरातींत झळकतो. टक्केवारी वाचताना मूळ रक्कम किती होती ते पाहावे, हे निदान आपल्या वाचकांना सांगावयास नको.

डायक्लोफिनॅक आणि कुर्क्युमिन एकत्र देण्याचा थेट प्रयोगही भारतात झाला आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुडघेदुखीच्या १४० रुग्णांपैकी काहींना नुसते डायक्लोफिनॅक आणि काहींना दोन्ही देण्यात आले. दोन्ही घेणाऱ्यांना अधिक आराम पडला. जादा वेदनाशामकाची गरज त्यांच्यापैकी ३ टक्क्यांना, तर नुसते डायक्लोफिनॅक घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना भासली. आम्लपित्ताच्या गोळ्याही कमी लागल्या. मात्र कोणाला काय दिले जात आहे, हे या प्रयोगात झाकून ठेवलेले नव्हते. आणि वेदना ही अशी गोष्ट आहे, की नवे काही मिळत असल्याच्या नुसत्या जाणिवेनेही ती थोडी उणावते.

मग बाबांना अपाय का व्हावा? उत्तराचा काही भाग त्या मिरीत असावा. पाइपरीन यकृतातील आणि आतड्यातील औषधे निकामी करणाऱ्या विकरांना मंदावते, म्हणूनच कुर्क्युमिन टिकते. पण हे दार एकट्या कुर्क्युमिनसाठी उघडत नाही. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सी. के. अटल यांनी सुंठ, मिरे, पिंपळी या त्रिकटूच्या जुन्या योजनेमागे हेच तत्त्व असावे असा विचार मांडला होता. पुढे तेथेच झालेल्या संशोधनातून क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारी पाइपरीनयुक्त कॅप्सूल तयार झाली आणि ती २००९ मध्ये बाजारात आली. तेथे मात्रा मोजूनमापून आधी कमी केलेली होती. घरी मात्रा कोण कमी करणार? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरोगी स्वयंसेवकांवरील एका भारतीय अभ्यासात पाइपरीनमुळे डायक्लोफिनॅकची रक्तातील पातळी लक्षणीय वाढल्याचे आढळले. म्हणजे बाबा गोळी एकच घेत होते, परंतु शरीराच्या खात्यात कदाचित अधिक जमा होत होते. डॉक्टरांच्या मते मुख्य दोष ॲस्पिरिन आणि डायक्लोफिनॅक एकत्र घेण्याचाच. कॅप्सूलचा वाटा किती, हे निश्चित सांगता येत नाही. एकट्या कुर्क्युमिनलाही रक्ताची गोठण्याची क्रिया काहीशी मंदावण्याचा गुण आहे, असे प्रयोगशाळेतील निष्कर्ष सांगतात. लसूण आणि गिंको यांचे अर्क याच कारणाने शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे थांबविण्यास सांगतात. ज्येष्ठमधाचा त्रास वेगळा. त्याच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, आणि वेदनाशामक गोळ्याही रक्तदाब वाढवतात.

पॅरासिटामॉलचा प्रश्न यकृताचा आहे. प्रौढ व्यक्तीने दिवसात ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि ती मोजताना सर्दीच्या गोळ्यांतील पॅरासिटामॉलही धरावे. अमेरिकेतील एका अभ्यासगटाने २०२२ मध्ये हळदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. काहींच्या कॅप्सूलमध्ये मिरीही होती. असे प्रसंग विरळ आहेत, पण लघवी गडद होऊन डोळे पिवळे दिसू लागल्यास कॅप्सूल त्याच दिवशी थांबवावी.

वनस्पती आणि आधुनिक औषध यांची एक जोडी मात्र बहुतेकांच्या कपाटात आधीपासून आहे. वेदनाशामक मलमाच्या नळीवरील बारीक अक्षरे वाचून पाहा : डायक्लोफिनॅक, जवसाचे तेल, मिथाइल सॅलिसिलेट आणि मेंथॉल. मिथाइल सॅलिसिलेट हे गंधपुरा तेलातील द्रव्य, आता बहुतांशी कारखान्यात तयार होणारे. मेंथॉल पुदिन्याच्या जातीतील मेंथा या पिकाचे. माझी नेमणूक तीन वर्षे उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात होती. तेथे मे-जून महिन्यांत कापणी झाली की शेताशेतांतून ऊर्ध्वपातनाच्या भट्ट्या पेटतात, आणि किसान क्रेडिट कार्डाच्या तपासणीस गेलेल्या अधिकाऱ्याच्या कपड्यांनाही दोन दिवस तोच वास येत राहतो. पीक-कर्जाच्या कागदांवर मी 'मेंथा' असंख्य वेळा लिहिले, पण ते त्वचेवर काय करते, हे नंतर कळले. मेंथॉल त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या ग्राहकांना चेतवते, त्यामुळे दुखण्याची जाणीव मागे पडते. शिवाय ते डायक्लोफिनॅकला त्वचेतून आत शिरण्यास मदत करते. मलमातून रक्तात उतरणारे औषध गोळीच्या मानाने बरेच कमी असल्याने पोटाला धोकाही कमी. अपवाद वॉरफॅरिन घेणाऱ्यांचा. मिथाइल सॅलिसिलेटयुक्त मलम भरपूर चोळल्याने त्यांचे रक्त गरजेपेक्षा अधिक पातळ झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

भेसळीविषयी थोडेसे. बोस्टनमधील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक असल्याचे २००४ मध्ये आढळले होते. काही तथाकथित शुद्ध वनौषधी चूर्णांत स्टिरॉइड मिसळलेले सापडण्याचे प्रकारही घडले आहेत. चार दिवसांत जादू करणारी, नाव-पत्ता व परवाना क्रमांक नसलेली पुडी म्हणूनच संशयास्पद मानावी. औषधाच्या अपायाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाने त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक ठेवला आहे. आयुष औषधांसाठी अशीच यंत्रणा २०१८ पासून उभी राहिली आहे.

बाबा आता बरे आहेत. ॲस्पिरिन सुरू आहे, कारण ते स्वतःच्या मनाने थांबविणे हृदयाला धोक्याचे ठरले असते. सोबत जठराच्या रक्षणासाठी एक गोळी आहे. गुडघ्यासाठी मलम, गरजेपुरते पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. सालईचा अर्क घ्यावा का, असे त्यांनी डॉक्टरांना गेल्या भेटीत आपणहून विचारले. रक्ततपासणीचा अहवाल आल्यावर ठरवू, असे डॉक्टर म्हणाले. त्या भेटीला जाताना त्यांनी गोळ्या, मलमे, काढे आणि चूर्णे यांची मात्रेसह यादी पासबुकाच्या वेष्टनात ठेवून नेली होती. यादीत सकाळचा ओव्याचा अर्कही होता.