जुनी मालिका, नव्या संचात

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरांच्या वेळी एक चिठ्ठी आली होती, वेळ संपल्यामुळे ती तशीच राहिली. चिठ्ठीत एकच वाक्य होतं: "हल्लीच्या विनोदी मालिका बघवत नाहीत, मग जुन्याच परत का काढत नाहीत?" ती वाचून दाखवली तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. चिठ्ठीपेक्षा त्या टाळ्यांनीच आम्हाला जास्त विचारात पाडलं. म्हणून आज तोच विषय घेऊ.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. परत दाखवणं वेगळं आणि परत काढणं वेगळं. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शननं 'रामायण'बरोबर 'देख भाई देख' आणि 'श्रीमान श्रीमती' पुन्हा दाखवल्या. आपण घरात अडकलेलो होतो, त्या बघितल्या, बरं वाटलं. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. वाद आहे तो तीच पात्रं, तेच घर घेऊन वीस-तीस वर्षांनी नवे भाग करण्याबद्दल.

आता गंमत बघा. आपल्याला, म्हणजे मराठी प्रेक्षकाला, ही कल्पना अजिबात नवी नाही. नाटकाच्या जाहिरातीत 'नव्या संचात' हे दोन शब्द आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. 'तो मी नव्हेच' १९६२ साली आलं. लखोबा लोखंडे म्हणजे प्रभाकर पणशीकर, हे समीकरण पक्कं होतं. तरी पुढे गिरीश ओक लखोबा झाले आणि लोक तिकीट काढून गेले. अत्र्यांचीच 'मोरूची मावशी' १९८०च्या दशकात विजय चव्हाणांनी अंगावर घेतली, तेव्हा 'ही आमची मावशी नव्हे' असं कुणी म्हटलं असेल, पण हाउसफुल्लच्या पाट्या काही उतरल्या नाहीत. मग नाटकाला जे चालतं ते मालिकेला का चालू नये?

आमच्या मते कारण साधं आहे. नाटकाचा प्रयोग संपला की संपला. पणशीकरांचा लखोबा बघितलेला माणूस दुसरा लखोबा बघायला बसतो तेव्हा त्याच्याजवळ फक्त आठवण असते, आणि आठवण समजूतदार असते, थोडी जागा करून देते. मालिकेचं तसं नाही. जुनी मालिका मोबाईलवर जशीच्या तशी आहे. नवा भाग बघता बघता अंगठ्यानं जुना लावता येतो. म्हणजे नव्या संचाला स्पर्धा करावी लागते ती थेट मूळ संचाशी, आणि तीसुद्धा तरुण वयातल्या.

याचा जवळजवळ प्रयोगशाळेत केल्यासारखा पुरावा ब्रिटनमध्ये सापडतो. 'येस मिनिस्टर' आणि 'येस प्राइम मिनिस्टर' या बीबीसीच्या मालिका १९८० ते १९८८च्या दरम्यानच्या. मंत्री भोळसट आणि महत्त्वाकांक्षी, सचिव मुरलेला, आणि सरकार कोण चालवतं याचं उत्तर प्रत्येक भागात तेच. मंत्र्याचं काम करणारे पॉल एडिंग्टन १९९५ मध्ये गेले, सचिव झालेले नायजेल हॉथॉर्न २००१ मध्ये. मग २०१० साली मूळ लेखकांनीच, म्हणजे अँटनी जे आणि जोनाथन लिन यांनी, त्याच पात्रांवर नाटक लिहिलं. नवे नट घेतले, डेव्हिड हेग आणि हेन्री गुडमन. नाटक चिचेस्टरला सुरू झालं आणि लंडनला गेलं. चाललं. २०१३ मध्ये याच लेखकांनी याच दोन नटांना घेऊन मालिका केली. ती सहा भागांवर थांबली. लेखक तेच, नट तेच. बदललं काय? रंगमंचाऐवजी पडदा आला, आणि पडद्यावर आधीचे दोघे अजून बसलेले होते!

(जाता जाता: २००१ मध्ये हीच मालिका हिंदीत 'जी मंत्रीजी' नावानं आली होती, फारुख शेख मंत्री. ज्यांनी मूळ बघितलंच नव्हतं त्यांच्यासाठी तो पहिलाच मंत्री होता. फारुख शेखना कुणाच्या सावलीत उभं राहावं लागलं नाही.)

आता घराजवळ येऊ. 'श्रीमान श्रीमती' आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. १९९०च्या दशकाच्या मध्यातली, अधिकारी बंधूंची. शेजारी शेजारी दोन घरं. एकात केशव कुलकर्णी आणि त्याची कोकी, दुसऱ्यात सिनेनटी प्रेमा आणि तिचा दिलरुबा. केशवचा डोळा प्रेमावर, दिलरुबाचा कोकीवर, आणि फजिती नेहमी नवऱ्यांचीच. जतिन कनकिया, रीमा लागू, राकेश बेदी, अर्चना पूरण सिंग. चौघांचं टायमिंग असं की संवाद विसरले तरी चेहरे विसरत नाहीत. कनकिया १९९९ मध्ये गेले, रीमाताई २०१७ मध्ये.

२०१८ मध्ये 'श्रीमान श्रीमती फिर से' आली. नावं तीच, घरं तीच, नट नवे. नट वाईट होते असं मुळीच नाही. पण मालिका वर्षभरही चालली नाही. आणि त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर काय चालू होतं? २०१५ पासून 'भाभीजी घर पर हैं'. शेजारी शेजारी दोन घरं, ह्याचा डोळा त्याच्या बायकोवर, त्याचा ह्याच्या. 'श्रीमान श्रीमती'पासून घेतलंय हे निर्मात्यांनी लपवलेलंही नाही. फक्त बिऱ्हाड कानपूरला हलवलं, भाषा बदलली, तिवारी आणि विभूती अशी नवी माणसं उभी केली. ती दहा वर्षांच्या वर चालली. मध्ये अंगूरीभाभीचं काम करणारी नटी बदलली, तेही पचलं. चालू मालिकेत चेहरा बदलला तर प्रेक्षक आठ दिवस कुरकुरतो आणि सवय करून घेतो. वीस वर्षं मनात मुरलेला चेहरा बदलला की मात्र तो दारातूनच परत जातो.

म्हणजे सांगाडा पुन्हा वापरता येतो, आणि तो वापरावाच. नावाची पाटी पुन्हा लावली की पंचाईत. खरं तर या सांगाड्याचीही पंचाईत आहेच. परक्याच्या बायकोवर लाळ गाळणारा नवरा १९९०च्या दशकात आपण जितक्या निर्धास्तपणे हसून सोडून दिला, तितका आता सोडत नाही. 'भाभीजी' बघताना आम्हीही हसलोय, आणि हसल्यावर शेजारी बसलेल्या मुलीकडे एकदा बघितलंयसुद्धा. जुनं परत मागताना हा हिशेब आपण सोयीस्कर विसरतो.

बरं, मूळ नट हयात असतील तर? 'साराभाई व्हर्सेस साराभाई' २००४ची. पहिल्या प्रसारणात तिला फार प्रेक्षक मिळाले नाहीत. पुनःप्रक्षेपणांनी आणि इंटरनेटनं तिला घराघरांत नेलं. २०१७ मध्ये हॉटस्टारवर तिचं दुसरं पर्व आलं. रत्ना पाठक शाह, सतीश शाह, सुमीत राघवन, रूपाली गांगुली, राजेश कुमार, सगळे परत आले. आम्ही पहिल्या दिवशी बघायला बसलो होतो. पहिली दहा मिनिटं नुसता आनंद, घरचं लग्नकार्य असल्यासारखा. मग लक्षात आलं की आपण विनोदाला हसत नाही आहोत, ओळखीला हसतो आहोत.

त्या मालिकेचा विनोद कुठे होता? कफ परेडची माया आणि नोएडाची मोनिषा यांच्यामधल्या अंतरात. 'मिडल क्लास' ही शिवी होती. २००४ मध्ये मध्यमवर्ग मॉलमध्ये नुकता शिरत होता, जरा बिचकत होता, म्हणून ती शिवी लागायची. २०१७ पर्यंत मोनिषा आणि माया एकाच ॲपवरून खरेदी करायला लागल्या होत्या. भांडण तेच ठेवलं, पण भांडणाची जागाच सरकली होती. आणि सतीश शाह ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले. तिसऱ्या पर्वाची मागणी करणाऱ्यांनी इंद्रवदनशिवायचं ते घर एकदा डोळ्यांसमोर आणून बघावं.

'खिचडी'ला हा त्रास कमी झाला. २००२ची मालिका, २०१० मध्ये चित्रपट, २०१८ मध्ये पुन्हा मालिका, २०२३ मध्ये पुन्हा चित्रपट. हंसा आणि प्रफुल्ल यांचा बावळटपणा कुठल्याच काळावर अवलंबून नाही. ती व्यंगचित्रं आहेत, आणि व्यंगचित्राला सुरकुत्या पडत नाहीत. प्रत्येक वेळी तितकंच हसू आलं असं मात्र आम्ही म्हणणार नाही.

मग सुरकुत्या पडणाऱ्या माणसांचं काय करायचं? इथे आमची सगळ्यात आवडती मालिका सांगतो, तीही ब्रिटिशच. 'ओपन ऑल अवर्स', १९७६ ते १९८५. एक चिक्कू किराणा दुकानदार, आर्कराइट. त्याच्या गल्ल्याचा खण असा की पैसे काढताना बोटंच चावायचा. आणि सायकलवरून सामान पोचवणारा भाचा ग्रॅनव्हिल, ज्याला या दुकानातून कधीतरी सुटायचंय. आर्कराइट झालेले रॉनी बार्कर २००५ मध्ये गेले. २०१३ मध्ये 'स्टिल ओपन ऑल अवर्स' आली, लेखक मूळचेच, रॉय क्लार्क. दुकान तेच. गल्ल्याशी बसलाय तो ग्रॅनव्हिल. डेव्हिड जेसन, त्र्याहत्तर वर्षांचे. तो सुटला नाही, मामासारखाच चिक्कू झाला, आणि आता सायकल त्याच्या मुलाच्या हातात आहे. समीक्षकांनी नाकं मुरडली, प्रेक्षकांनी २०१९ पर्यंत चालवली. मधली अट्ठावीस वर्षं त्यांनी झाकली नाहीत. ती वर्षं म्हणजेच नवा विनोद होता, आणि थोडी पोटात कालवाकालवही.

तर चिठ्ठी लिहिणाऱ्यांना आमचं उत्तर असं. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ मध्ये आली तेव्हा आबा झालेले दिलीप प्रभावळकर साठीलाही पोचले नव्हते, मेकअप करून म्हातारे व्हायचे. आज ते ऐंशीच्या पुढे आहेत. शेखर आता आबांच्या वयाला आलाय. शिऱ्याच्या घरात कुणीतरी शाळेत जाणारं असेल, आणि घरातल्या प्रत्येकानं डायरी लिहायची म्हटलं तर ते विचारेल, डायरी म्हणजे काय आणि ती कुणी लाईक करायची. आबांनी हे ऐकून काय लिहिलं असतं, हे वाचायला आम्ही नक्की बसू. पण २००१चाच दिवाणखाना उभारून, केसांना कलप लावून त्याच टिपऱ्यांना तिथे बसवणार असाल, तर जुने भाग आहेतच की. आम्ही तेच लावू.

चला, चिठ्ठ्या द्या.