मर्यादित जागा, अखंड शब्द

केंपेगौडा यांनी १५३७ साली वसविलेल्या बंगळूरुच्या जुन्या पेठेतील चिकपेट हा भाग आजही रेशमी साड्या व कापडाच्या घाऊक व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. एकेकाळी वहीत लिहिल्या जाणाऱ्या नोंदी आता संगणकीय बिलावर आणि मोबाईल संदेशात उमटतात. वहीत जागा कमी पडली तर मुनीम पुढची ओळ घेत असे. संगणकीय नोंदीला मात्र ठरावीक मर्यादा असते. तेथे मजकूर कोठे तोडावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी त्याचा संबंध थेट ग्राहकाच्या हिताशी आहे.

मर्यादा कशी ठरते?

एका लघुसंदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागत असल्याने त्यात १६० अक्षरे बसतात. मराठी वा कन्नड चिन्हाला १६ बिट लागतात; म्हणून मर्यादा ७० चिन्हांवर येते आणि ७१ वे चिन्ह येताच दोन संदेशांचा खर्च पडतो. बिल छापणाऱ्या लहान यंत्रांत ५८ मिलिमीटर रुंदीच्या कागदी पट्टीवर एका ओळीत साधारणतः ३२ इंग्रजी अक्षरे मावतात.

भारतीय लिपींत आणखी एक अडचण आहे. ‘चिक्कपेटे’ हे कन्नड नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे असल्याने संगणक त्यात नऊ चिन्हे मोजतो. चार चिन्हांनंतर तोडल्यास ‘चिक्’ एवढेच उरते. युटीएफ-८ पद्धतीत अशा प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. बाइट मोजून तोडले तर चिन्हच अर्धे तुटून निरर्थक खूण उमटते.

आज्ञावलीची रीत

यावरील उपाय सोपा आहे. मजकूर मर्यादेत बसत असेल तर त्याला हात लावू नये. बसत नसेल तर अखेरच्या टिंबांसाठी जागा राखून ठेवावी आणि उरलेल्या मर्यादेपासून मागे येत पहिली मोकळी जागा शोधून तेथे तोडावे. मर्यादेच्या लगेच पुढचे चिन्ह मोकळी जागा असेल, तर शेवटचा शब्द पूर्ण आहे. तो विनाकारण गाळू नये. शेवटी लोंबणारा स्वल्पविराम काढून टाकावा. एकच शब्द मर्यादेहून लांब असल्यास तो निदान पूर्ण अक्षरावर तोडावा. युनिकोडच्या २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिपींतील जोडाक्षरे एकसंध मानण्याचा नियम आला आहे. पायथन भाषेत शब्द न तोडता मजकूर आखूड करण्याची तयार सोय २०१४ पासून उपलब्ध आहे. मात्र तीही चिन्हेच मोजते आणि पहिलाच शब्द न मावल्यास केवळ टिंबे शिल्लक ठेवते.

शब्द वाचला, अर्थ गेला

एवढी काळजी घेऊनही खरा धोका उरतोच. ‘विकलेली साडी परत घेतली जाणार नाही’ हे वाक्य ३३ चिन्हांचे आहे. ३२ चिन्हांवर सरळ तोडल्यास शेवटी ‘नाह’ उरते. चूक निदान दिसते. शब्द राखून तोडल्यास मात्र ‘विकलेली साडी परत घेतली जाणार…’ असे नीटनेटके, पण नेमके उलट आश्वासन ग्राहकाच्या हाती पडते. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. कन्नडमधील ‘इल्ल’चेही तसेच आहे. त्यामुळे शेपटाकडून कात्री लावण्याची रीत या भाषांना अधिक घातक ठरते. हाच दोष ‘हप्ता जमा झाला नाही’ अशा संदेशात शिरला, तर लाभार्थ्याची फसगत होईल.

म्हणून वस्तूंची नावे व वर्णने आखूड करावीत. अटी, रकमा, तारखा आणि नकार यांना कात्री लावू नये, त्यांना दुसरी ओळ द्यावी. मूळ मजकूर नोंदीत पूर्ण ठेवावा, केवळ दर्शनी रूप लहान करावे. महत्त्वाच्या सूचनांचे छोटे रूप माणसानेच आधी लिहून ठेवावे. ‘विकलेली साडी परत घेत नाही’ हे वाक्य अवघ्या २५ चिन्हांत पूर्ण अर्थ सांगते. जागेची बचत यंत्रावर सोपविता येते. अर्थाची जबाबदारी मात्र लिहिणाऱ्याकडेच राहते.